कासरा नसलेली गाडी

बैलाला वेसण असते, कासरा असतो. घोड्याला लगाम असतो. उंटाच्याही नाकात दोरी असते. माणसानं जे जे जनावर गाडीला जुंपलं, त्याच्या तोंडाशी दोरीचं एक टोक आणि आपल्या मुठीत दुसरं टोक, ही व्यवस्था त्यानं आधी करून ठेवली. माझ्या माहितीत याला ठळक अपवाद एकच. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात कुत्री जी घसरगाडी ओढतात, त्या स्लेजला ना कासरा असतो, ना लगाम. हाकणारा मागे, धावपट्ट्यांवर उभा. त्याच्यापुढे जोडीजोडीनं जुंपलेली दहा, बारा, कधी वीस कुत्री. आणि सगळ्यांच्या पुढे, पार दूर, म्होरक्या कुत्रा. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त माणसाचा आवाज. उजवीकडे वळायचं तर ‘जी’, डावीकडे वळायचं तर ‘हॉ’. त्यानं ऐकलं तर गाडी वळणार. नाही ऐकलं, तर मागच्या माणसाच्या हातात काहीही नाही.

आमच्या घरात गेली पंचवीस वर्षं कुत्री आहेत. त्यातली बरीचशी गावठी. त्यांना मी अडथळ्यांवरून उड्या मारायला, कापडी बोगद्यातून पळायला, खांबांच्या रांगेतून नागमोडी जायला शिकवतो. सकाळी मैदानावर हे उद्योग चाललेले पाहून फिरायला आलेली मंडळी थांबतात, कौतुकानं बघतात आणि हमखास विचारतात, की हे कशासाठी? कुत्र्यानं दारात बसावं, परक्यावर भुंकावं, घरच्यांवर जीव लावावा. खेळ आणि स्पर्धा यांचा त्याला काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर चार वाक्यांत देता येत नाही म्हणून आज एका माणसाचं आयुष्य सांगतो. तो आपल्या मुलखापासून फार लांबचा. पण कुत्र्याच्या शर्यतींनी माणसाला काय शिकवलं, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात दिसत नाही.

सोन्यासाठी आलेला लोहार

लेओनहार्ड सेप्पाला याचा जन्म १८७७ सालचा. नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, जिथे हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे उगवतच नाही, अशा भागात तो वाढला. बाप मासेमारी करायचा आणि लोहारकामही. मुलगा दोन्ही शिकला. पोरवयातच तो बापाबरोबर होडीतून मासेमारीच्या मोहिमांवर जाऊ लागला. थंडी, वारा आणि समुद्र यांची भीती त्याला वाटेनाशी झाली ती तेव्हापासून.

१८९८ मध्ये अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर, नोमजवळच्या ओढ्यात सोनं सापडलं. सापडलेल्या तिघांपैकी एक होता याफेत लिंडेबर्ग, सेप्पालाच्याच मुलखातला त्याचा मित्र. त्याच्या सांगण्यावरून १९०० मध्ये सेप्पाला समुद्र ओलांडून नोमला पोहोचला. सोन्याच्या मागे आलेल्या हजारोंचं जे झालं तेच त्याचं झालं. सोनं काही मिळालं नाही, नोकरी मिळाली. लिंडेबर्गच्या खाण कंपनीत तो कामाला लागला. नोम म्हणजे बेरिंग समुद्राच्या काठावरचं गाव. हिवाळ्यात समुद्र गोठला की कित्येक महिने जहाज येत नाही. मग माणसं, टपाल, सामान सगळं कुत्र्यांच्या गाडीवरून. खाणीच्या कामासाठी सेप्पालाला गाडी हाकावी लागली आणि त्यातच त्याला आपल्या आयुष्याचं काम सापडलं.

दिसायला हा माणूस बेताचाच. उंची साधारण ५ फूट ४ इंच, अंगकाठी शिडशिडीत. पण दमसास विलक्षण. आणि आवाज असा, की कुत्र्यांना तो पुरे. चाबकावर त्याची भिस्त कधीच नव्हती. ज्या काळात गाडीवानाची पत चाबकाच्या फटकाऱ्यावर मोजली जायची, त्या काळात हे नवलच होतं.

१९१४ ची शर्यत

नोमच्या लोकांनी हिवाळा घालवायला एक खेळ शोधून काढला होता. १९०७ मध्ये तिथे कुत्रे पाळणाऱ्यांचा क्लब निघाला आणि १९०८ पासून ‘ऑल अलास्का स्वीपस्टेक्स’ नावाची शर्यत सुरू झाली. नोमहून कँडल या गावी जायचं आणि परत यायचं. अंतर ४०८ मैल, म्हणजे सुमारे साडेसहाशे किलोमीटर. मुंबईहून नागपूरच्या वाटेवर अकोला सोडून पुढे जावं एवढं, तेही बर्फातून.

या शर्यतीचा एक नियम मला फार आवडतो. जितकी कुत्री घेऊन निघालात तितकी सगळी घेऊन परत यायला हवं. वाटेत एखादं लंगडलं तर त्याला सोडून द्यायचं नाही, गाडीत घालून आणायचं. म्हणजे गाडीचं वजन वाढणार आणि ओढणारा एक कमी होणार. हा नियम एका झटक्यात शर्यतीचा अर्थ बदलतो. जनावर पिळून काढून जिंकता येत नाही. जो त्यांना जपतो, कुणाचा पाय दुखतो आहे, कोण दमला आहे, कुणाची भूक मेली आहे हे ज्याला आधी कळतं, तोच पुढे राहतो. खेळाचे नियम नीट केले तर ते माणसाला शहाणं करतात, ते असे.

सेप्पालाला हे शहाणपण फुकट मिळालं नाही. रोआल्ड अमुंडसेन या दक्षिण ध्रुव जिंकणाऱ्या नॉर्वेजियन वीराची उत्तर ध्रुवाची मोहीम ठरत होती. तिच्यासाठी लिंडेबर्गनं सैबेरियातून आलेल्या जातीची कुत्री जमवली आणि ती तयार करायचं काम १९१३ मध्ये सेप्पालाकडे आलं. पुढे महायुद्ध पेटलं, मोहीम बारगळली आणि कुत्री सेप्पालाकडेच राहिली. ही सैबेरियन कुत्री अंगानं लहान. अलास्कातली नेहमीची कुत्री धिप्पाड, त्यामुळे या छोट्यांना तिथले लोक उंदीर म्हणून हिणवायचे.

ही कोवळी कुत्री घेऊन सेप्पाला १९१४ च्या शर्यतीत उतरला. वाटेत वादळानं गाठलं. समोरचं काही दिसेना, वाट चुकली आणि गाडी समुद्राकडच्या कड्याच्या दिशेनं उतरणीला लागली. कडा ध्यानात आला तेव्हा अंतर फार थोडं उरलं होतं. म्होरक्या सुग्गन आणि बाकीच्यांनी त्याच्या हाकेला ओ देत, गोठलेल्या उतरणीवर नखं रोवत गाडी परत वर खेचली. सगळे वाचले. पण कुत्र्यांचे पाय सोलून निघाले होते, नखं तुटली होती. सेप्पालानं शर्यत सोडली.

हरण्याचं त्याला फार वाटलं नसावं. त्याला लागलं ते दुसरंच. ही कोवळी कुत्री त्याच्यावर विश्वास टाकून धावली होती, आणि हा पुरेशा तयारीशिवाय त्यांना वादळात घेऊन गेला होता. चूक त्याची, रक्त त्यांचं. ही खंत त्यानं पुढे आयुष्यभर बोलून दाखवली.

कुत्र्याशी खेळणाऱ्या प्रत्येकानं इथे क्षणभर थांबावं असं मला वाटतं. कुत्रा आपणहून थांबत नाही. माणूस दमला की बसतो, बैल अडून राहतो, गाढव तर प्रसिद्धच आहे. ज्याला धावण्याची आणि धन्याला खूश करण्याची हौस आहे असा कुत्रा मात्र पाय फाटले तरी धावतो, उन्हानं जीभ लोंबली तरी चेंडूमागे जातो. त्यानं कुठे थांबायचं, हे ठरवायची जबाबदारी त्यानं आपल्यावर सोपवलेली असते. इमान इमान म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, त्याची दुसरी बाजू ही आहे.

सेप्पालानं पुढचं वर्ष या कुत्र्यांचा भरवसा परत मिळवण्यात घालवलं. आधी जखमा भरू दिल्या. मग थोडं थोडं अंतर, हळूहळू वाढवत, बऱ्या हवेत आणि वाईट हवेतही. १९१५ मध्ये तो पुन्हा उतरला. समोर स्कॉटी ॲलनसारखा तीन वेळचा विजेता होता. सेप्पाला जिंकला. १९१६ मध्ये जिंकला. १९१७ मध्येही जिंकला. त्यानंतर युद्धाच्या धामधुमीत ही शर्यतच बंद पडली.

नको असलेलं पिल्लू

आता टोगोविषयी सांगायला हवं. सेप्पालाच्याच कुत्र्यांच्या पोटी १९१३ च्या सुमारास हे पिल्लू जन्मलं. बाप तो सुग्गन. पिल्लू अशक्त, त्यातून गळ्याला सूज. सेप्पालाची बेल्जियन बायको कॉन्स्टन्स हिनं त्याला उशापायथ्याशी घेऊन शेकवलं, जगवलं. रशिया-जपान युद्धात गाजलेल्या ॲडमिरल टोगोचं नाव त्याला मिळालं. पण गाडी ओढायला हे निरुपयोगी, असा सेप्पालाचा ठाम निष्कर्ष होता. त्यातून स्वभाव खोडकर. दुसरी गाडी दिसली की तिच्या म्होरक्याच्या अंगावर जायचं, कामावर निघालेल्या कुत्र्यांचे कान ओढायचे, असे याचे धंदे. सहा महिन्यांचा असताना त्यानं तो एका बाईंना घरी पाळायला देऊन टाकला.

तिथे त्याचे लाड झाले. चांगलं खाणं, उबदार घर. काही आठवड्यांत टोगोनं बंद खिडकीच्या काचेवर उडी घेतली आणि काच फोडून, रक्ताळलेल्या अंगानं, मैलोगणती अंतर तोडून तो सेप्पालाच्या दारात येऊन उभा राहिला. आपल्याला वाटतं लाड म्हणजेच प्रेम. टोगोला लाडांपेक्षा कामातली जागा हवी होती. ज्या टोळीत तो जन्मला होता, तिच्याबरोबर धावायचं होतं.

तरीही सेप्पालाला अजून कळलं नव्हतं. एकदा तो लांबच्या कामावर निघाला आणि टोगोला बांधून ठेवायला सांगून गेला. टोगोनं रात्री कुंपणावर उडी मारली, जाळीत पाय अडकून जखमी झाला, तरी सुटला आणि माग काढत गाडीला जाऊन मिळाला. दुसऱ्या दिवशीही त्याच्या खोड्या थांबेनात, तेव्हा निरुपायानं सेप्पालानं त्याच्या गळ्यात साज अडकवला. वय आठ महिने. साज चढताच पोर शांत झालं, मान खाली घालून ओढू लागलं. दिवसभरात त्याला एकेक जागा पुढे आणता आणता संध्याकाळी ते म्होरक्याच्या जोडीला धावत होतं. त्या एका दिवसात टोगो ७५ मैल धावला. कधीही न शिकवलेलं पिल्लू!

मी ही हकिगत अनेकांना सांगतो, विशेषतः ज्यांचा कुत्रा घरात चपला फाडतो, गाद्या उसवतो, दार खरवडतो त्यांना. बहुतेक वेळा असा कुत्रा वाईट नसतो, बेकार असतो. त्याच्या डोक्याला आणि पायांना काम मिळालं की अर्ध्या तक्रारी आपोआप मिटतात. काम म्हणजे गाडीच ओढायला हवी असं नाही. लपवलेली वस्तू वासानं शोधणं हेही काम आहे. दहा मिनिटं लक्ष देऊन शिकलेली एक नवी गोष्ट त्याला तासभर साखळीनं फिरवल्यापेक्षा जास्त शांत करते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

पुढची बारा वर्षं टोगो आणि सेप्पाला एकमेकांना वाचत राहिले. त्या काळातली एक हकिगत सेप्पाला नंतर सांगायचा. नॉर्टन साउंड नावाच्या गोठलेल्या खाडीवरून जाताना बर्फाचा तुकडा तुटला आणि गाडीसकट सगळे पाण्यावर तरंगत निघाले. कित्येक तासांनी तुकडा किनाऱ्यालगतच्या बर्फाजवळ आला, पण मध्ये पाण्याची फट. सेप्पालानं टोगोला लांब दोर बांधून पलीकडे फेकलं. टोगो ओढू लागला आणि दोर मध्येच तुटून पाण्यात पडला. टोगोनं पाण्यात उतरून दोराचं टोक तोंडात धरलं, ते अंगाभोवती गुंडाळून घेतलं आणि ओढत राहिला. तुकडा किनाऱ्याला लागेपर्यंत! असं करायला त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. हुकूम पाळणाऱ्या आणि हेतू ओळखणाऱ्या कुत्र्यांत फरक असतो तो हाच.

घटसर्प

जानेवारी १९२५. नोममध्ये घटसर्पाची साथ सुरू झाली. आज आपण बाळाला लस टोचून आणतो आणि विसरून जातो. पण घटसर्प म्हणजे काय, हे मागच्या पिढ्यांतल्या आयांना विचारायला हवं होतं. घशात पडदा धरतो आणि मूल गुदमरतं. गावात डॉक्टर एकच, कर्टिस वेल्श. त्यांच्याजवळचं प्रतिविष जुनं, मुदत उलटलेलं. नवं मागवायचं तर समुद्र गोठलेला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं त्या भागातल्या मूळच्या रहिवाशांची गावंच्या गावं उजाड केल्याची आठवण ताजी होती. अँकरेजच्या इस्पितळात प्रतिविषाचे तीन लाख युनिट मिळाले, वजन जेमतेम ९ किलो. ते रेल्वेनं नेनानापर्यंत आणता येत होतं. तिथून नोम ६७४ मैल, सुमारे १,०८५ किलोमीटर. विमानांची चर्चा झाली, पण उघड्या बैठकीची ती विमानं तिथल्या हिवाळ्यात उडवायला राज्यपाल तयार होईनात. उरली कुत्री.

सेप्पाला तेव्हा ४७ वर्षांचा, टोगो १२ वर्षांचा. कुत्र्याचं बारावं वर्ष म्हणजे आपल्याकडे पेन्शनीत निघालेला माणूस. सेप्पालाची एकुलती एक मुलगी सिग्रिड आठ वर्षांची, नोममध्येच. म्हणजे हा प्रवास त्याच्यासाठी गावाच्या सेवेपुरता नव्हता.

२८ जानेवारीला तो २० कुत्री घेऊन नोमहून पूर्वेला निघाला. निम्म्या वाटेवर नुलातो इथे प्रतिविष घ्यायचं आणि परतायचं, असं ठरलं होतं. तो निघाल्यावर नोममध्ये रुग्ण वाढले आणि अधिकाऱ्यांनी बेत बदलला. वाटेवर ठिकठिकाणी ताज्या दमाच्या गाड्या ठेवल्या. एकानं दुसऱ्याच्या हाती द्यायचं, रात्रंदिवस. एकूण २० गाडीवान आणि सुमारे १५० कुत्री. त्या गाडीवानांत अलास्काचे मूळचे रहिवासी बरेच होते, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांची नावं पुढे वर्तमानपत्रांत फारशी आलीच नाहीत.

सेप्पालाला हा बदल कळवायला साधन नव्हतं. ३१ जानेवारीला, १७० मैल आल्यावर, शक्तूलिक गावाजवळ समोरून एक गाडीवान ओरडत हात हलवताना दिसला. सेप्पाला थांबण्याच्या बेतात नव्हता, त्याला अजून शंभराहून अधिक मैल जायचं होतं. वाऱ्यातून शब्द कानावर पडले, प्रतिविष इथेच आहे! हेन्री इव्हानॉफकडून त्यानं पेटी घेतली आणि गाडी जागच्या जागी वळवली.

आता पुढे पुन्हा नॉर्टन साउंड. किनाऱ्यानं वळसा घालून गेलं तर सुरक्षित, पण एक दिवस जास्त. खाडीच्या बर्फावरून सरळ गेलं तर दिवस वाचणार, पण बर्फ फुटला की सगळंच संपलं. येताना तो बर्फावरूनच आला होता. आता अंधार पडत होता, उणे ३४ अंश तापमान आणि वादळी वारा. सेप्पालानं बर्फाची वाट धरली. त्या अंधारात त्याला स्वतःला काहीच दिसत नव्हतं. कुठला बर्फ पक्का, कुठे भेग, दिशा कोणती, हे सगळं टोगोवर. आणि टोगोनं त्याला सरळ पलीकडच्या किनाऱ्याला नेलं. थोडी विश्रांती घेऊन पहाटे ते निघाले, तेव्हा आदल्या रात्री जिच्यावरून आले ती वाट फुटून समुद्राकडे निघाली होती.

इथे मला त्या नसलेल्या कासऱ्याचा अर्थ कळतो. शर्यतींच्या वर्षांत सेप्पालानं कुत्र्यांना आपली आज्ञा ऐकायला शिकवलं असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. त्या वर्षांत तो स्वतः कुत्र्याचं ऐकायला शिकला. म्होरक्या अडला तर का अडला, कान कुठे वळले, ओढ का सैल पडली, हे वाचायला शिकला. ते शिक्षण झालेलं नसतं, तर त्या रात्री टोगोवर त्यानं आपला आणि गावाचा जीव सोपवला नसता. संकटाच्या रात्री भरवसा नव्यानं तयार करता येत नाही. आधी खेळात कमावलेला असेल, तोच तिथे खर्चायला मिळतो.

१ फेब्रुवारीला गोलोविन इथे सेप्पालानं प्रतिविष चार्ली ओल्सनच्या हवाली केलं. बहुतेक गाडीवानांच्या वाट्याला २५ ते ५० मैल आले होते. सेप्पालानं प्रतिविष ९१ मैल वाहून आणलं आणि ते घ्यायला गेलेलं अंतर धरलं तर तो एकूण २६१ मैल, म्हणजे ४२० किलोमीटर धावला. २ फेब्रुवारीच्या पहाटे साडेपाचला गुन्नार कासेनची गाडी नोममध्ये शिरली. नेनाना ते नोम अंतर साडेपाच दिवसांत कापलं गेलं होतं. साथ आटोक्यात आली. सरकारी नोंदीत मृत्यू पाच ते सात. आसपासच्या वस्त्यांतले किती गेले, ते कुणी मोजलं नाही.

पुतळा कुणाचा?

कासेनच्या गाडीचा म्होरक्या होता बाल्टो. शेवटचा टप्पा त्याचा, म्हणून छायाचित्रं त्याची, मथळे त्याचे. त्याच वर्षी १७ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा उभा राहिला. बाल्टोही सेप्पालाचाच कुत्रा. पण सामान वाहण्यापलीकडे त्याची कुवत नाही, असं ठरवून सेप्पालानं त्याला मागे ठेवलं होतं आणि कासेननं त्याला निवडलं. टोगोच्या वाट्याचं श्रेय बाल्टोला गेलं, याचं शल्य सेप्पालाला शेवटपर्यंत राहिलं.

त्याचं दुःख मला समजतं, पण एक गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही. इतक्या जाणत्या माणसाचे दोन कुत्र्यांविषयीचे अंदाज साफ चुकले. टोगोला त्यानं निरुपयोगी म्हणून देऊन टाकलं होतं आणि बाल्टोला हमाल समजून मागे ठेवलं होतं. दोघांनीही त्याला खोटं पाडलं. वादळात अंधारातून कासेनची गाडी नेणं हे काही लहान काम नव्हतं. तेव्हा आपला कुत्रा मठ्ठ आहे असा शिक्का मारायची घाई कुणी करू नये. त्याला वाव मिळालेला नसतो, इतकंच पुष्कळदा खरं असतं.

बाल्टोचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. कौतुक ओसरल्यावर तो आणि त्याचे सोबती विकले गेले आणि चार पैसे टाकून बघायच्या तमाशात हालात राहिले. १९२७ मध्ये एका व्यापाऱ्यानं ते पाहिलं आणि क्लीव्हलँड शहरातल्या शाळकरी मुलांनी नाणी जमवून त्यांना सोडवलं. पुतळा उभारणं सोपं असतं, जिवंत कुत्र्याला सांभाळणं अवघड.

१९२६ मध्ये सेप्पाला टोगोला घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमुंडसेननं टोगोला सुवर्णपदक घातलं. पुढे ईशान्येकडच्या मेन राज्यात पोलंड स्प्रिंग इथे शर्यती झाल्या. तिथेही या छोट्या कुत्र्यांना आधी लोक हसले आणि मग त्यांनी आर्थर वॉल्डनच्या थोराड कुत्र्यांना मागे टाकलं. एलिझाबेथ रिकर या बाईंबरोबर सेप्पालानं तिथे कुत्र्यांचं पैदास केंद्र काढलं. टोगो थकला होता. अलास्काचा परतीचा प्रवास आणि तिथली थंडी त्याला झेपणार नाही, म्हणून सेप्पालानं त्याला रिकरबाईंकडे ठेवलं आणि तो एकटा परतला.

हा प्रसंग वाचताना मला नेहमी धर्मराज आठवतो. कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देणारा. सेप्पालानं उलट केलं, कुत्र्याला ठेवून तो गेला. पण मला त्यात तोच धर्म दिसतो. १९१४ मध्ये कुत्र्यांच्या अंगात काय आहे याचा विचार न करता तो त्यांना वादळात घेऊन गेला होता. आता टोगोच्या अंगात काय उरलंय याचा विचार करून त्यानं स्वतःच्या काळजावर दगड ठेवला. ५ डिसेंबर १९२९ रोजी, १६ वर्षांच्या टोगोला वेदना सोसवेनात तेव्हा त्याला शांतपणे झोपवण्यात आलं. १९३० मध्ये सैबेरियन हस्की या जातीला अमेरिकन केनेल क्लबची मान्यता मिळाली आणि तिच्या वंशवेलीत टोगोचं रक्त पुढे वाहत राहिलं.

सेप्पाला धावतच राहिला. १९३२ च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लेजची शर्यत प्रात्यक्षिक म्हणून झाली, तेव्हा चौपन्नाव्या वर्षी त्यानं दुसरा क्रमांक मिळवला. पुढे तो सिॲटलला स्थायिक झाला आणि २८ जानेवारी १९६७ रोजी, ८९ व्या वर्षी वारला. त्याची रक्षा अलास्कातल्या त्याच्या वाटेवर विखुरली गेली.

हस्की आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही दिसतो. निळे डोळे आणि चित्रपटातलं रूप पाहून तो आणला जातो. उणे ३४ अंशांत धावायला घडलेलं ते शरीर मे महिन्यात फरशीवर पोट टेकून धापा टाकतं, तेव्हा वाईट वाटतं. सेप्पालाची आठवण ठेवायची तर हस्की आणायची गरज नाही. दारातला गावठी, गल्लीतून उचललेलं पिल्लू, मुधोळ, कारवान, कुणीही चालेल. आपल्या हवेत रुळलेली ही कुत्री हुशारीत कुणाला हार जात नाहीत.

लळा लावायला फार काही लागत नाही. दोन वेळा भाकरी घातली, पाठीवरून हात फिरवला की कुत्रा लळा लावतो. भरवसा ही वेगळी चीज आहे. ती दोघांनी मिळून काही करताना तयार होते, ते काम चुकताना आणि पुन्हा करताना मुरते. अडथळ्यापाशी कुत्रा थबकतो, वळून आपल्याकडे बघतो, आणि आपण रागावणार नाही हे त्याला ठाऊक असतं म्हणून पुन्हा प्रयत्न करतो, त्या एका क्षणासाठी हे सगळे खेळ. बक्षीस मिळालं तर बरं, नाही मिळालं तर त्याला कळतही नाही.

अलास्कात १९७३ पासून दरवर्षी इडिटारोड ही हजार मैलांच्या आसपासची स्लेज शर्यत होते. तिथे पहिल्या येणाऱ्याला मोठं बक्षीस असतंच. पण सेप्पालाच्या नावाचं पारितोषिक पहिल्या येणाऱ्यासाठी नाही. शर्यतीत जिद्दीनं धावूनही ज्यानं आपल्या कुत्र्यांची सगळ्यांत चांगली काळजी घेतली, त्याला ते दिलं जातं. आणि त्याची निवड जनावरांचे डॉक्टर करतात.